टबातलं पाणी आणि सूपमधला मासा

प्रिय काकू,

मी 20 वर्षांची. घर इंदूरला, सुदामा नगरात. सप्टेंबरअखेरीस एका वर्षाच्या एक्सचेंजवर जपानला आले. ओसाकाच्या एका उपनगरात होस्ट फॅमिलीकडे राहते. घरात ओकासान म्हणजे आई, ओतोसान म्हणजे वडील आणि हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातला त्यांचा मुलगा. माणसं चांगली आहेत, पण दहा आठवडे झाले तरी मी अवघडलेलीच आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी काय चालत नाही ते विचारलं. भिडेपोटी मी म्हटलं, "मटण-चिकन नको, बाकी काहीही चालेल." तीन आठवड्यांनी वर्गात कळलं, की रोजच्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपचं पाणीच माशाचं असतं. आता कुठल्या तोंडानं सांगू? पितेच आहे. आजीला फोनवर सांगते, वरणभात खाते म्हणून. पहिल्याच रात्री आंघोळ झाल्यावर टबातलं सगळं पाणी मी सोडून दिलं होतं. सगळे हसले, पण तेव्हापासून मी "तुम्ही आधी" म्हणते आणि शेवटी जाते, कधी सरळ सकाळीच करते. परवा ओकासान म्हणाली, "फोनवर किती छान रंगतात तुमच्या गप्पा!" मला बरं वाटलं. कॉलेजातली एक सीनियर म्हणाली, अगं, ती तारीफ नव्हती. भांडी घासायला गेले तर हातातून काढून घेतात. हॉटेलात राहिल्यासारखं वाटतं आणि चोरी केल्यासारखंही. नव्या वर्षाला त्यांच्या आजोळी चल म्हणतात, त्याचीच धास्ती बसली आहे. आई म्हणते, हॉस्टेल बघ. काय करू?

परक्या घरातली

* * *

परक्या घरातल्या पोरी,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग आमच्या आजीचं पडवळ आठवलं. पडवळाचं पुढे सांगते. आधी आंघोळ. पत्रात ती तू दोन-तीन ओळींत उरकलीस, पण माझ्या मते निम्मी गाठ तिथेच बसलेली आहे.

तिथे टब अंग धुवायला नसतो, हे आता तुला कळलंच आहे. बाहेर स्टुलावर बसून साबण लावायचा, डोकं धुवायचं, लख्ख व्हायचं आणि मग त्या पाण्यात नुसतं शेकत बसायचं. पाणी साधारण 40 ते 42 अंशांचं, एकदाच भरलेलं. सगळं घर एकामागून एक त्याच पाण्यात उतरतं आणि मधल्या वेळात ऊब जाऊ नये म्हणून वर झाकण घालतात. तू बूच काढलंस म्हणजे आपल्या भाषेत, तापलेला बंब मोरीत रिकामा केलास. ते हसले, विषय मिटला. नवख्या माणसाकडून तिथे हे होतंच.

गोंधळ झाला तो त्यानंतरच्या तुझ्या शहाणपणानं. "तुम्ही आधी" हे तुला विनयाचं वाटतं. पण पहिलं ताजं पाणी पाहुण्याला द्यायचं, ही तिथली मान द्यायची रीत. ओकासान रोज "आंघोळ तयार आहे" म्हणते ते त्यासाठी. आता जरा घड्याळ लाव. तुझी आई संध्याकाळी सातला कामावरून येऊन फोन करत असेल, तर तिकडे साडेदहा वाजलेले असतात. गप्पा सव्वाअकरापर्यंत. मग तू न्हाणीत, केस धुणार, म्हणजे बारा. पुष्कळ जपानी घरांत टबातलं उरलेलं पाणी पाइपनं वॉशिंग मशीनमध्ये घेऊन त्यात कपडे धुतात. म्हणजे शेवटच्या माणसाचं आटोपल्याशिवाय त्या बाईचं मशीन लागत नाही. शिवाय डिसेंबर आहे, पाणी निवतं, पुन्हा तापवायला गॅस जळतो. आणि पहाटे उठून मुलाचा डबा करायचा तिलाच. तिच्या तोंडावरचं हसू मावळलं असं तुला वाटत असेल, तर मला ती बाई झोपेला आलेली दिसते.

सकाळच्या आंघोळीचंही सांगते. आपल्याकडे पारोशानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आजी डोळे वटारते. तिथे हेच उलट्या टोकानं चालतं. दिवसभराची धूळ आणि घाम अंगावर घेऊन स्वच्छ अंथरुणात शिरणं हा त्यांचा पारोसेपणा. तू आंघोळ न करता झोपतेस आणि त्या चादरी धुणार ओकासान. तेव्हा आजपासून ती म्हणेल तेव्हा, पहिल्या हाकेला उठायचं. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. निघताना पाण्यात केस तरंगत असतील तर उचलायचे आणि झाकण लावायचं. सकाळी अंगावर दोन तांबे घेतल्याशिवाय देवाला हात जोडवत नसतील तर तेही कर, शॉवर घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

फोनबद्दल तुझी सीनियर बरोबर बोलली. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत "बघू, पत्रिका जुळली तर कळवतो" म्हटलं की मुलीचा बाप काय समजायचं ते समजतो. ओकासानचं ते वाक्य त्याच जातीचं. तुमच्या वर्गात "चोत्तो" हा शब्द झाला असेल. शब्दाचा अर्थ "जरा", पण तो म्हणून माणूस पुढचं वाक्य अर्धवट सोडतं तेव्हा उत्तर "नाही" असतं. ती घरं लाकडाची, भिंती पातळ, आणि पलीकडच्या खोलीत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्याची विद्यापीठ प्रवेशाची सामायिक परीक्षा जानेवारीच्या मध्यावर असते. बारावीचं पोर घरात असलं की टीव्हीला कुलूप लागतं, पाहुण्यांना "मार्चनंतर या" सांगतात, हे इंदूरच्या मुलीला मी समजावून सांगायचं? आणि आपण इंदूरवाले फोनवर बोलतो ते असं, की जणू फोन मध्ये नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं.

आता पडवळ.

माझं लहानपण इंदूरच्याच रामबागेत गेलं. साठच्या दशकात आमच्या वाड्यात वार लावून जेवणारी मुलं यायची, बहुतेक निमाडकडची, इथे कॉलेजात शिकणारी. आज या घरी, उद्या त्या घरी, असे सात वार सात घरी. आमच्याकडे खरगोनकडच्या एका मुलाचा बुधवार होता. पहिल्याच बुधवारी आजीनं डाळिंब्या घालून पडवळ केलं होतं. ताटावर बसून तो मान खाली घालून म्हणाला, "छान झालंय." संपलं. पडवळाच्या दिवसांत दर बुधवारी पडवळ. बाजारात मिळालं नाही तर आजी मला शेजारच्या वाड्यात पिटाळायची, त्यांच्या वेलावरचं आणायला. दोन वर्षांनी तो पास होऊन पेढे घेऊन आला आणि मोकळा झालेला असल्यामुळे हसत हसत म्हणाला, "आजी, आता सांगतो, मला पडवळाचा वाससुद्धा सहन होत नाही." आम्ही पोरं खिदळलो. आजी नाही हसली. म्हणाली, "मग दोन वर्षं मी तुला जेवायला घातलं, की शिक्षा केली?" आणि आत निघून गेली. पेढ्याला तिनं हात लावला नाही.

त्या मुलानं भीड राखली, पण फटका बसला तो वाढणारीला. तुझी ओकासान रोज सकाळी तुझ्यापुढे ती वाटी ठेवते तेव्हा तिला वाटतं, पोरीला आवडतंय. हे दहा आठवड्यांवर थांबव, पन्नास होऊ देऊ नकोस. नव्या वर्षाच्या आतच बोल. 31 डिसेंबरच्या रात्री तिथे तोशिकोशी सोबा खातात, त्या शेवयांचा रस्सा बहुतेक माशाच्या दाशीचाच, म्हणजे मासा उकळून काढलेल्या पाण्याचाच असतो. आजोळी सगळ्या नातलगांसमोर तू वाटी पुढे सरकवलीस, तर मान खाली जाईल ती ओकासानची.

बोलशील कशी? वाटी हातात असताना नाही. रविवारी दुपारी चहाला बसतील तेव्हा. चूक आधी स्वतःकडे घे, कारण ती तुझीच आहे. पहिल्या दिवशी संकोचानं मी नीट सांगितलं नाही, असं म्हण. "शाकाहारी" हा शब्द एकटा वापरू नकोस. तिथे पुष्कळांना त्याचा अर्थ "मांसाचे तुकडे नकोत" एवढाच वाटतो. मासे नकोत, माशाची दाशी नको, डुकराची-गाईची चरबी नको, अंडं चालतं की नाही, दूध-दही चालतं, असं एकेक नाव घेऊन सांग, कागदावर लिहून दे. बाजारातल्या जपानी करीच्या वड्यांत बहुतेक वेळा प्राण्यांची चरबी असते, तेही त्या कागदावर येऊ दे. करी म्हटलं की आपल्याला वाटतं ही तरी आपलीच.

आणि हातात उपाय घेऊन जा. दाशी एकट्या माशाचीच असते असं नाही. कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची होते, वाळक्या शिइताके मशरूमची होते. मशरूम रात्री गार पाण्यात भिजत घातले की सकाळी पाणी तयार. तू तर ओसाकात आहेस. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचा कोंबू पूर्वी जहाजांनी तिथेच उतरायचा आणि कोंबूच्या दाशीचा त्या शहराला अजून अभिमान आहे. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या तोक्योच्या प्राध्यापकांनी 'उमामी' चव शोधली, ती या कोंबूच्या रश्शातून. म्हणजे "तुमचं सूप नको" असं तुला म्हणायचंच नाहीये. "कोंबूचं कराल का?" एवढंच विचारायचं आहे. दुकानात माशाच्या दाशीच्या पाकिटाशेजारीच कोंबूचं मिळतं, फक्त मागच्या घटकांत 'कात्सुओ' हा मासा नाही ना ते वाचून घे. काही मिसोच्या डब्यांतही दाशी आधीच मिसळलेली असते. तुला लिपी येते, मग सामान आणायला तूही तिच्याबरोबर जा.

बौद्ध मठांतल्या स्वयंपाकाला तिथे शोजिन र्‍योरी म्हणतात. त्यात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही वर्ज्य. हे तिला माहीत असतं. आमच्या घरी आजी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, असं सांग. एवढ्या एका वाक्यात तुझं खाणं तिच्या ओळखीचं होईल.

मात्र आधी रेघ कुठे ओढायची ते तुझं तू ठरव. आजीची नव्हे, तुझी. घरात दाशी बदलून घेईन, बाहेर रस्त्यावर खोदून विचारणार नाही, असं ठरवलंस तरी मी नावं ठेवणार नाही. काहीच चालवून घेणार नाही म्हणालीस तर तेही पाळता येतं, फक्त बाहेरच्या बऱ्याचशा उदोन-सोबासारख्या शेवया सुटतील. एकदा रेघ ओढलीस की पाहुणा बघून ती हलवू नकोस. आणि नकळत प्यायलेल्या सूपनं कोणी बाटत नाही. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लावत, त्या काळात 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी जाऊन राहिल्या. ती आपली होस्ट फॅमिलीच की. नेसायचं काय आणि खायचं काय, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि त्या घरानं ते सांभाळून घेतलं.

भांडी हातातून काढून घेतात म्हणतेस. घेणारच. मदत करू का असं विचारलं की समोरच्याला "नको नको" म्हणावंच लागतं, आपल्याकडे वेगळं काय होतं? त्यापेक्षा एक काम नाव घेऊन माग. आणि मी सुचवते ते हसण्यावारी नेऊ नकोस: कचरा. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरातून गेली आहेस. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका डबा घेऊन धावण्यात तुझं बालपण गेलं. तिथेही जळणारा कचरा वेगळा आणि वार ठरलेले. प्लास्टिकची बाटली विसळायची, झाकण काढायचं, वरचा कागद सोलायचा. पिशवी ठरल्या कोपऱ्यावर सकाळीच ठेवायची, आदल्या रात्री ठेवली तर शेजारी नाराज. वारांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असेल, त्याचा फोटो काढून घे आणि सांग, हे आजपासून माझं. थंडीतल्या पहाटे ते काम कोणालाच आवडत नसतं, त्यामुळे "नको नको" फार वेळ टिकणार नाही. काम हाती आलं की हॉटेलात राहिल्यासारखं वाटणं आपोआप कमी होईल.

हॉस्टेलचं म्हणशील तर एवढ्यासाठी नको. जानेवारी संपेपर्यंत थांब. तरीही जमलं नाही, तर कॉलेजच्या एक्सचेंज ऑफिसात जाऊन शांतपणे सांग, घर बदलून मागण्यात गुन्हा नाही. घर बदललंस तर 14 दिवसांत तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, ते विसरू नकोस. आणि हे मात्र नीट ऐक. कुणी तुझा पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड स्वतःकडे ठेवायला मागितलं, खोलीत न विचारता शिरलं, नको तसं अंगाशी आलं, तर जानेवारीची वाट बघायची नाही, भीड धरायची नाही, त्याच दिवशी निघायचं आणि ऑफिसला सांगायचं. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून मी आंघोळीवर एवढी पानं खर्च केली.

आईला जरा सांभाळून घे. हॉस्टेल बघ म्हणण्यात तुझी काळजी आहे, पण तू दुसऱ्या बाईला "आई" म्हणून हाक मारतेस ते टोचणंही असेल थोडं. तिला सांग, तिकडे ओकासान म्हणजे आपल्या 'काकू'सारखं, मीही जगाची काकू आहेच. आणि तिला आवडेल असं आणखी एक सांग. घरातून निघताना तू "इत्तेकिमास" म्हणत असशील. त्याचा शब्दशः अर्थ काय? जाऊन येते. आपल्याकडेही उंबऱ्यावरून कुणी "जाते" म्हणत नाही, म्हणालं तर आजी मागे बोलावून "येते म्हण" सांगते.

पोह्यांचं राहिलं. आजीनं सेव आणि जीरावन बांधून दिलं नसेल असं होणार नाही. पोहे तिथे एखाद्या भारतीय दुकानात मिळतील. मुलाची परीक्षा झाली की एका रविवारी सकाळचा स्वयंपाक माग. आपले इंदुरी पोहे वाफेवरचे असतात ते फार बरं, मोहरी-मिरचीच्या खमंग फोडणीनं त्यांचं घर खोकत सुटायचं नाही. फोडणी द्यायचीच असेल तर पंखा लावून, खिडकी उघडून, थोड्या तेलात. जिलबीचा नाद सोड. त्यांच्या ताटलीत जीरावन आधी चिमूटभरच घाल, आणि सेव वेगळ्या वाटीत ठेव. कुरकुरीत कशाला म्हणायचं ते जपान्यांना शिकवावं लागत नाही, वाटी तुझ्याआधी रिकामी होईल.

आणि आजीला खरं सांग. एकदम माशापासून सुरुवात करू नकोस. समुद्रातल्या शेवाळाचं सूप पिते म्हण, आधी ती "शी" म्हणेल, मग कसं करतात ते विचारेल. हे मात्र ओकासानशी बोलून झाल्यावर, म्हणजे ते खरंही असेल. फोन रविवारी तिथल्या दुपारी साडेबाराला कर. इथे नऊ वाजलेले असतात, आजीची पूजा आटोपलेली असते, आणि तुमच्याकडे कुणी आंघोळीसाठी खोळंबलेलं नसतं.

तुझी,
काकू